तुम्हाला कुणी बोलावलं होतं?

श्रावणातली गोष्ट. टोरांटोहून मुलीचा फोन आला. एरवी तिच्या फोनात तिकडची हवा, माझे गुडघे आणि दोन्हीकडचे भाजीचे भाव हे विषय ठरलेले. त्या दिवशी तिने यातल्या कशालाच हात घातला नाही. म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच त्याला समजवा. माझं तो ऐकत नाही."

तो म्हणजे माझा नातू. वय वर्षे १९. जन्म तिकडचा. मराठी बोलतो, पण 'ळ' आला की अडखळतो. कॉलेज सांभाळून तिथल्या राखीव सैन्यात नाव घालायचे त्याच्या मनात आले होते. शनिवार-रविवारी कवायत, सुट्टीत शिक्षण आणि पुढे जमले तर कायमची नोकरी.

"आपल्या सात पिढ्यांत कुणी बंदूक धरली नाही," मुलगी म्हणाली. "आणि त्या लोकांची भांडणं असतात कुठं? आज या टोकाला, उद्या त्या टोकाला. आपला काय संबंध? याला कुणी बोलावलंय?"

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मला एकदम आमची गिरगावातली चाळ आठवली.

त्या चाळीत आमच्या मजल्यावर अण्णा राहायचे. पोस्टात नोकरी, अंगाने किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. चाळीत भांडणांना तोटा नव्हता. पाण्याच्या नळावरून भांडण, वरच्या धोतराचे पाणी खालच्या पापडांवर ठिबकले म्हणून भांडण, पोरांच्या गोट्यांवरून भांडण. बाकीची बिऱ्हाडे कठड्याला टेकून मजा पाहत. अण्णा मात्र हातातला चहाचा कप खाली ठेवून जिना उतरत आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहत. कुणाची बाजू घेत नसत. हात पसरून नुसते उभे. एकदा नळावर दोघा भाऊबंदांची जुंपली आणि एकाने दुसऱ्यावर उगारलेली कळशी अण्णांच्या कपाळावर बसली. काकूंनी जखमेवर हळद दाबली आणि रडत रडत विचारले, "अहो, पण तुम्हाला कुणी बोलावलं होतं?" अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात भांडण लागले तेव्हा ते पुन्हा जिना उतरले.

मुलीला ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. तरी तिच्या तोंडी नेमके काकूंचेच वाक्य आले.

मी तिला शब्द दिला की नातवाचे मन वळवतो. पण हल्लीच्या मुलांपुढे नुसते वडीलपण चालत नाही, मुद्दे लागतात. तेव्हा पेन्शनर माणसाला जे भरपूर असते ते म्हणजे वेळ, तो मी कामाला लावला आणि कॅनडाच्या सैन्याचा इतिहास वाचायला बसलो. वकीलपत्र मुलीचे घेतले होते. पण वाचता वाचता वकिलाचीच पंचाईत होत गेली. त्या पंचाइतीची ही हकीकत.

नकाशा उघडला तर पहिली गोष्ट दिसते ती ही की या देशावर चालून जायला कुणाला सवडच नाही. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला अमेरिका. घरात बसून शेकोटी पेटवावी आणि जगाच्या भांडणांची बातमी वाचावी, अशी ही जागा. तरीही पहिल्या महायुद्धाच्या वेळी जेमतेम ८० लाख वस्तीच्या या देशातून ६ लाखांहून अधिक माणसे सैन्यात गेली आणि त्यातली सुमारे ६१ हजार परत आली नाहीत. खेरीज १९१४ साली त्यांना कुणी विचारलेही नव्हते. इंग्लंडने युद्ध पुकारले, कॅनडा साम्राज्याचा भाग, म्हणजे तोही युद्धात. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपलीही गत तीच होती.

बेल्जममध्ये ईप्र नावाचे गाव आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी तिथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. शेजारची फ्रेंच फळी त्या हिरवट-पिवळ्या ढगापुढे फुटली आणि उघड्या पडलेल्या बाजूला कॅनेडियन पोरे उभी राहिली. दोन दिवसांनी तो ढग थेट त्यांच्यावर आला. मुखवटे नव्हते. लघवीत भिजवलेले रुमाल नाकातोंडावर बांधून त्यांनी जागा धरून ठेवली. थोड्या दिवसांत त्यांची ६ हजारांवर माणसे गारद झाली. त्यांपैकी २ हजारांहून अधिक मेली. आणि २६ एप्रिलला त्याच रणात कोण उतरले? आपली लाहोर डिव्हिजन. तिच्याही वाट्याला तोच वायू आला. ज्यांची प्रेते सापडली नाहीत किंवा ओळखता आली नाहीत, अशांची नावे ईप्रच्या मेनिन दरवाजावर कोरलेली आहेत. तिथे कॅनेडियन नावे आणि आपल्याकडची नावे एकाच छपराखाली आहेत. "आपला काय संबंध?" या मुद्द्याला पहिला तडा मला इथे गेलेला दिसला.

दुसरा तडा त्याहून विचित्र. १९१४ सालीच 'कोमागाटा मारू' नावाची बोट हिंदुस्थानातून निघालेली माणसे घेऊन व्हँकूव्हरच्या बंदराला लागली. बहुतेक शीख. त्यांना उतरू दिले नाही. दोन महिने बंदरात ताटकळत ठेवले आणि शेवटी परत घालवले. त्या कामी जी फौज उभी केली तीत व्हँकूव्हरची एक स्थानिक पलटण होती. आता गंमत पाहा. दुसऱ्याच वर्षी, १९१५ साली, बक्कम सिंग नावाचा एक पंजाबी तरुण त्याच कॅनडाच्या सैन्यात भरती झाला, फ्लँडर्समध्ये दोनदा जखमी झाला आणि १९१९ साली क्षयाने वारला. ऑंटारिओतल्या किचनर गावात त्याचे थडगे आहे. पुष्कळ वर्षे ते विस्मरणात गेले होते. आता दर नोव्हेंबरात तिथे माणसे जमतात. आणि बोट परत घालवणाऱ्या त्या पलटणीचे काय झाले? तिचे नेतृत्व पुढे हरजित सज्जन नावाच्या पगडीधारी शीख अधिकाऱ्याने केले. २०१५ साली तेच गृहस्थ कॅनडाचे संरक्षणमंत्री झाले. शंभर वर्षांत इतके घडले. ते नुसते अर्ज-विनंत्यांनी घडले असते असे मला वाटत नाही.

फ्रान्समधल्या विमी नावाच्या टेकडीवर ९ ते १२ एप्रिल १९१७ या चार दिवसांत कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदाच एकत्र लढल्या आणि टेकडी घेतली. सुमारे ३,६०० जण कामी आले. त्या विजयाने आपण एक राष्ट्र झालो, असे कॅनेडियन लोक मानतात. तिथे १९३६ साली मोठे स्मारक झाले. माझी कल्पना, स्मारक म्हणजे घोड्यावरचा सेनापती, हातात तलवार. चित्र पाहिले तर तसे काही नाही. पुढच्या कठड्यावर डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक बाई खाली मान घालून उभी आहे. ती बाई म्हणजे कॅनडा. मुले गेलेली आई. विजयाच्या टेकडीवर त्यांनी विजय उभा केला नाही, आई उभी केली.

त्या आईवरून मला माझा जुना मुक्काम आठवला. काही वर्षांपूर्वी मी नोव्हेंबरात मुलीकडे होतो. तिकडे त्या दिवसांत जो तो कोटाच्या डाव्या बाजूला खसखशीचे लाल फूल लावून हिंडतो. कागदी-कापडी फूल, दुकानाच्या काउंटरवर डबा असतो, पैसे टाकायचे आणि फूल घ्यायचे. पैसे माजी सैनिकांच्या कामी जातात. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता दोन मिनिटे सारे स्तब्ध. टेलिव्हिजनवर ओटावाचा समारंभ चालू होता. मोठमोठे अधिकारी, पंतप्रधान, आणि त्यांच्यात पुष्पचक्र घेऊन चालत आलेली एक साधी बाई. मी विचारले, "ही कोण?" नातू तेव्हा लहान होता. तो म्हणाला, "आजोबा, ती आई आहे." नंतर कळले की १९१९ सालापासून तिकडे सैन्यात मुलगा गेला तर आईला आणि नवरा गेला तर बायकोला चांदीचा एक क्रूस देण्याची पद्धत आहे. दरवर्षी अशा आयांपैकी एकीला निवडतात आणि देशातल्या सगळ्या आयांच्या वतीने ती फूल वाहते. माझ्या मुलीने त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला होता. आता त्याचा अर्थ लागतो.

पण सगळा देश एका सुरात "चला लढू" म्हणत होता असे समजू नये. काकूंचा प्रश्न तिथेही विचारला गेला, आणि फार मोठ्याने. १९१७ साली सक्तीच्या भरतीचा कायदा झाला तेव्हा फ्रेंच बोलणारा क्विबेक प्रांत उसळला. त्यांचे म्हणणे, इंग्लंडच्या भांडणात आमची पोरे का? १९१८ च्या ईस्टरला क्विबेक शहरात लष्कराने गोळी झाडली आणि चार नागरिक मेले. ज्या घरात सर्वांना एकदम धर्मयुद्धाचे स्फुरण चढते त्या घराची मला धास्ती वाटते. हे घर भांडत भांडत गेले, हे मला बरे वाटले.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कॅनडाने आपला मान राखला. इंग्लंडने ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पुकारले. कॅनडाने स्वतःच्या पार्लमेंटात चर्चा केली आणि १० सप्टेंबरला स्वतंत्रपणे पुकारले. आपल्याला मात्र त्याही वेळी कुणी विचारले नाही, हे सांगायला नकोच. १ कोटी १० लाख वस्तीतून ११ लाख माणसे सैन्यात गेली. म्हणजे दहांत एक. ४५ हजारांच्या वर मेली. १९४१ च्या डिसेंबरात हाँगकाँग पडले तेव्हा तिथे सुमारे २ हजार कॅनेडियन होते आणि त्यांच्या बरोबरीने आपले राजपूत व पंजाबी शिपाई होते. त्या २ हजारांपैकी साडेपाचशेच्या वर घरी परतले नाहीत, काही लढाईत गेले, काही जपान्यांच्या कैदेत.

इटलीत तर मला घरचीच माणसे भेटली. १९४३ च्या डिसेंबरात मोरो नदीवर कॅनडाची पहिली डिव्हिजन लढत होती आणि तिच्या डाव्या हाताला आपली आठवी डिव्हिजन होती. तीत मराठा पलटण होती. आपल्या बाजूने नदीवर पूल टाकायला जागाच नव्हती, रस्त्याचे वळण फार अरुंद. तेव्हा आपल्या लोकांनी सामान पलीकडे नेले आणि शत्रूच्या काठावरून अलीकडे, म्हणजे उलटा, पूल बांधला. त्याला सैन्यात 'अशक्य पूल' असेच नाव पडले. पुढे ऑर्टोना गावात कॅनेडियन शिरले. आपल्या जुन्या वाड्यांसारखी भिंतीला भिंत लागून घरे. रस्त्यात पाऊल टाकले की गोळी. मग त्यांनी भिंती फोडून या घरातून त्या घरात, असे गाव सर केले. नाताळच्या दिवशी तिथल्या एका पडझड झालेल्या चर्चमध्ये पांढरे कापड अंथरून टेबले मांडली. एकेक तुकडी लढाईतून यायची, जेवायची आणि परत लढायला जायची. कुणीतरी ऑर्गन वाजवत होते. जेवून गेलेल्यांपैकी काही जण त्याच दिवशी मेले. इतके वाचून मी पुस्तक मिटले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. १९-२० वर्षांची पोरे ती. माझ्या नातवाएवढी.

मग हॉलंड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडात लोक उपासमारीने मरत होते. काही जण फुलांचे कंद उकडून खात होते. त्या देशाचा मोठा भाग कॅनडाच्या सैन्याने मोकळा केला आणि त्यात ७,६०० हून अधिक कॅनेडियन तिथेच राहिले. हॉलंडची राजकन्या युलियाना युद्धकाळात मुलींना घेऊन ओटावाला आश्रयाला होती. १९४३ च्या जानेवारीत ती तिथे बाळंत झाली. बाळ दुसऱ्या देशात जन्मले तर त्याच्या डच नागरिकत्वात घोटाळा होईल, म्हणून कॅनडा सरकारने इस्पितळातल्या त्या खोल्यांवरचा आपला हक्कच तेवढ्यापुरता सोडून दिला. बाळंतिणीची अशी सोय कुठल्या सरकारने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. १९४५ साली हॉलंडने आभार म्हणून ओटावाला ट्यूलिपचे १ लाख कंद पाठवले. अजून दर वर्षी कंद जातात. जे कंद उपाशीपोटी खाल्ले, तेच आभाराला पाठवले.

हॉलंडमधल्या होल्टन गावी १,३०० हून अधिक कॅनेडियन सैनिकांची दफनभूमी आहे. १९९१ पासून नाताळच्या आदल्या संध्याकाळी गावातली मुले तिथे जातात आणि प्रत्येक थडग्यापुढे एकेक मेणबत्ती लावतात. त्या मुलांचे आजोबासुद्धा त्या शिपायांना नावाने ओळखत नव्हते. तरी दिवा लागतो. तुम्हाला कुणी बोलावलं होतं, असे त्या गावात कुणी विचारत नाही.

इथपर्यंत युद्धाची गोष्ट झाली. माझे खरे काम याच्या पुढे होते. कारण नातू मला म्हणाला होता, "आजोबा, मला मारायला नाही जायचं. मला मध्ये उभं राहायचंय." हे मध्ये उभे राहणे जगाला शिकवण्यात कॅनडाचा वाटा मोठा.

१९५६ साली सुवेझ कालव्यावरून इस्रायल, इंग्लंड आणि फ्रान्स इजिप्तवर तुटून पडले. तेव्हा कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पीअरसन यांनी राष्ट्रसंघात सूचना मांडली की, लढणाऱ्यांच्या मध्ये राष्ट्रसंघाचेच सैन्य उभे करा. जिंकायला नव्हे, नुसते उभे राहायला. त्या सैन्याचे पहिले सेनापती जनरल बर्न्स हेही कॅनेडियन. निळ्या टोप्या वेळेवर मिळेनात, म्हणून शिरस्त्राणांना निळा रंग फासला. पण कॅनडाने जी पलटण पाठवायला काढली तिचे नाव 'क्वीन्स ओन रायफल्स', म्हणजे राणीची पलटण! गणवेश इंग्रजांसारखा, निशाणाच्या कोपऱ्यात इंग्रजांचे निशाण. इजिप्तचे नासर म्हणाले, ज्यांनी आम्हाला बाँब मारले त्यांच्यासारखे दिसणारे लोक मध्यस्थ म्हणून कसे चालतील? बरोबरच होते. शांततेचा कारागीर तो देश, आणि त्याच्याच पलटणीला दारातून परत पाठवले! कॅनडाने रुसवा धरला नाही. तारायंत्रवाले, मोटारवाले, वैमानिक, दवाखान्यातली माणसे पाठवली. लग्नात मानपान न मिळालेल्या पाहुण्याने मांडवातून न उठता पंगत वाढायला घ्यावी, तसे झाले. पायदळात आपली पलटणही होती. ती गाझात थेट १९६७ पर्यंत राहिली, आणि आपले जनरल ग्यानी व जनरल रिखी यांनी पुढे त्या साऱ्या फौजेचे नेतृत्व केले.

पीअरसन यांना १९५७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच वर्षी त्यांचा पक्ष निवडणूक हरला होता, आणि मातृभूमी इंग्लंडला ऐन वेळी दगा दिला, असे बोल त्यांना घरात ऐकावे लागले होते. मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून मिळते ते हे. पुढे ते पंतप्रधान झाले आणि १९६५ साली त्यांनी मॅपलच्या पानाचे नवे निशाण आणले. आता त्या निशाणाकडे पाहून ते कुणाचे, असा घोटाळा होत नाही.

आपल्या देशाशी या कामाचा संबंध सुवेझच्याही आधीचा. १९४९ पासून काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर राष्ट्रसंघाचे निरीक्षक आले. त्यांचे प्रमुख ब्रिगेडियर अँगल हे कॅनेडियन. १७ जुलै १९५० रोजी काश्मीरात त्यांचे विमान कोसळले आणि ते गेले. शांततेच्या कामात मेलेला हा पहिला कॅनेडियन, आणि मेला तो आपल्या भांडणात. १९५४ साली इंडोचायनातल्या युद्धबंदीवर देखरेख करायला जे मंडळ नेमले त्यात भारत, कॅनडा आणि पोलंड होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी त्या मंडळाचे विमान व्हिएन्तियानहून हनोईला निघाले. आत भारतीय, कॅनेडियन आणि पोलिश माणसे, फ्रेंच वैमानिक, मिळून १३ जण. ते विमान पोहोचले नाही. अजून सापडलेले नाही. तीन देशांतल्या आया त्या दिवशी एकाच बातमीची वाट पाहत राहिल्या असतील. "आपला काय संबंध?" हा मुद्दा मी इथे मुलीच्या वतीने मागे घेतला.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर नातवाशी बेइमानी होईल.

सायप्रसमध्ये ग्रीक आणि तुर्क यांच्या मध्ये कॅनडाची पलटण १९६४ पासून १९९३ पर्यंत उभी होती. २९ वर्षे. वाळूच्या पोत्यांमागे उभे राहायचे, दोन्हीकडच्या शिव्या खायच्या आणि काही घडले नाही तर ते यश. काही न घडण्याची बातमी कुठलाच पेपर छापत नाही. ९ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्रसंघाचे काम करणारे कॅनडाचे विमान सीरियाने पाडले, ९ जण गेले. तो दिवस आता तिकडे शांतिसैनिकांचा दिन म्हणून पाळतात.

आणि १९९३ साली सोमालियात जे घडले ते लिहिताना हात अडतो. कॅनडाच्या छत्रीदलाच्या काही शिपायांनी तळात शिरलेल्या एका १६ वर्षांच्या मुलाला पकडले आणि रात्रभर मारून मारून ठार केले. जे राखायला गेले त्यांनीच मारले. देशभर संताप झाला, खटले चालले, चौकशी बसली, आणि १९९५ साली ती सबंध रेजिमेंटच मोडीत काढली. मोडली हे ठीक. पण त्या मुलाच्या आईला कुणी चांदीचा क्रूस दिला नाही. गणवेश अंगावर चढला म्हणजे माणूस आपोआप अण्णा होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसऱ्याच वर्षी रुआंडा. तिथे राष्ट्रसंघाच्या सैन्याचे प्रमुख होते कॅनडाचे जनरल रोमेओ दालेर. १९९४ च्या जानेवारीतच त्यांनी न्यूयॉर्कला तार केली की, इथे हत्यारे साठवली जात आहेत, कत्तलीची तयारी आहे, साठे ताब्यात घेतो. उत्तर आले, नको. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. त्यांनी ५ हजार माणसे मागितली. सुरक्षा समितीने उलट त्यांचे सैन्य २७० वर आणायचे ठरवले. उरलेली मूठभर माणसे घेऊन ते तिथेच राहिले आणि जमेल तितक्यांना आसरा दिला. १०० दिवसांत सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. दालेर घरी परतले ते मनाने मोडून. पुढे एकदा ते एका बागेतल्या बाकाखाली शुद्ध हरपलेल्या अवस्थेत सापडले. त्यांनी हे सारे स्वतः लिहिले आहे, कशाचीही लपवाछपवी न करता.

काकूंचा प्रश्न या ठिकाणी उलटा फिरतो. रुआंडात लोक बोलावत होते. हाका मारून मारून बोलावत होते. कुणी गेले नाही.

अण्णांची दुसरी गोष्ट मला इथे सांगायला हवी. एका मे महिन्यात अण्णा कोकणात गावी गेले होते. काकू घरीच होत्या. दुपारी खालच्या चौकात पोरांच्या पतंगावरून दोन बिऱ्हाडांची जुंपली. आम्ही सगळे कठड्याला टेकून पाहत होतो, नेहमीसारखे. अण्णा उतरतील अशी सवय पडलेली. अण्णा नव्हते. दुसरा कुणी उतरला नाही, माझे वडीलही नाहीत. एका पोराला काठी लागली आणि त्याचा डावा डोळा गेला. तो पोर माझ्याच वर्गात होता. मला अजून आठवते, काकू जिन्याच्या तोंडाशी बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "आज हे घरी असते तर."

मागच्या महिन्यात मी नातवाला फोन केला. त्याला वाटले, आजोबा आता नको म्हणणार. मी म्हटले, "मी नको म्हणत नाही आणि होही म्हणत नाही. पण अर्ज भरण्याआधी दालेर यांचं पुस्तक वाच. त्या सोमालियातल्या मुलाबद्दल वाच. अफगाणिस्तानात तुमचे १५८ सैनिक गेले, त्यांचंही वाच. आणि हेही बघ की, एके काळी मध्ये उभं राहण्यात पुढे असलेल्या तुझ्या देशाची माणसं अलीकडच्या वर्षांत राष्ट्रसंघाच्या फौजांत शंभरसुद्धा नसतात. तुला मध्ये उभं राहायचंय, पण ते तुला उभं करतील का, हे आधी विचार. सगळं वाचून जावंसं वाटलं तर आईला सांगून जा, तिला चोरून नको." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाताळपर्यंत वाचतो, आजोबा. मग ठरवतो."

मुलीला दोन्ही गोष्टी सांगितल्या, कळशीची आणि काठीची. ती रागावली. "बाबा, वकीलपत्र माझं घेतलं होतंत ना?" मी म्हटले, "घेतलं होतं. पण साक्षीदार सगळे उलटे निघाले." ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "मग त्या काकू? नंतर कधी अडवलं नाही त्यांनी अण्णांना?"

नाही अडवले. त्या मे महिन्यानंतर खाली आवाज चढला की काकू स्वतःच अण्णांच्या हातातला चहाचा कप काढून घेत. अण्णा जिना उतरत. आणि ते पुन्हा वर येईपर्यंत काकू तो कप तसाच हातात धरून जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहत.